मोबाइलवर काढलेला व्हिडिओ व्यावसायिक दिसावा यासाठी चौकटीची रचना कशी करावी?

सर्वप्रथम कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ग्रिड सुरू करावे. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांनी चौकटीचे ९ समान भाग पडतात. बोलणाऱ्या व्यक्तीचे डोळे वरच्या आडव्या रेषेच्या आसपास ठेवले, की डोक्यावरची मोकळी जागा बहुतेक वेळा आपोआप योग्य राहते. व्यक्ती बाजूला पाहत असेल, तर ती ज्या दिशेला पाहते तिकडे अधिक जागा सोडावी. थेट प्रेक्षकांशी बोलणारी व्यक्ती मात्र मधोमधच चांगली दिसते, त्यामुळे या नियमाचा बाऊ करू नये.

नवशिक्यांच्या चित्रीकरणात माझ्या मते सर्वाधिक खटकते ती पार्श्वभूमी. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या व्यक्तीची गडद सावली मागे पडते आणि दृश्य सपाट वाटते. तिला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणले, तर सावली चौकटीबाहेर जाण्याची शक्यता वाढते व दृश्याला खोली येते. डोक्यामागून खांब किंवा फांदी उगवल्यासारखी दिसत असेल, तर कॅमेरा वीतभर सरकवणे अनेकदा पुरेसे ठरते.

दोघांचा संवाद टिपताना त्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरावी आणि कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवावा. यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. तो मोडल्यास संकलनानंतर दोघेही एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो.

झूमऐवजी शक्य तेथे स्वतः पुढे जावे, कारण डिजिटल झूममुळे चित्राचा तपशील घटतो.