खाजकुयलीचे प्रकार कसे ओळखावेत?

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचे शेत असून बांधावरच्या कुंपणावर दर पावसाळ्यात खाजकुयलीचे वेल चढतात. त्यांच्या शेंगांवरची तांबूस लव लागली की अंगाची नुसती आग होते. शेजारच्या मळ्यात हिरवळीच्या खतासाठी लावलेल्या वेलाची पाने-फुले अगदी तशीच आहेत, पण त्याच्या मखमली, राखाडी शेंगा हातात घेतल्या तरी काही होत नाही. ही दोन वेगळी झाडे आहेत काय? शेंगा धरण्यापूर्वी त्यांतला फरक कळेल काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण पाहिलेले दोन्ही वेल म्युक्युना प्रुरिएन्स या एकाच जातीचे आहेत, बांधावरचा तिचा रानटी प्रकार आणि मळ्यातला युटिलिस नावाचा लागवडीचा प्रकार. दोघांची पाने त्रिदली असतात, बाजूच्या दोन पर्णिका तिरप्या बुडाच्या असतात आणि फुलांचे जांभळे घोस खाली लोंबतात. त्यामुळे शेंग धरण्यापूर्वी केवळ पानांवरून निवाडा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुले पांढरी आली, तर मात्र तो वेल बहुधा लागवडीचा समजावा.

खरा निर्णय शेंगेवरच होतो. रानटी प्रकाराची शेंग इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते व तिच्यावर तांबूस-तपकिरी, ताठ, सहज गळून पडणारी कुसे दाटलेली असतात. लागवडीच्या शेंगेवर मऊ, आखूड आणि अंगाला चिकटलेली लव असते. बियाही सहसा वेगळ्या असतात : रानटी बी लहान व गडद किंवा ठिपकेदार, तर लागवडीचे बी मोठे आणि पांढरे, काळे वा चित्रविचित्र रंगांचे. परंतु या दोन प्रकारांचा एकमेकांशी संकर होतो आणि त्यातून मधली लक्षणे असलेले वेलही येतात, म्हणून एकट्या बीच्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. खतासाठी बी घ्यायचे असेल, तर ज्या वेलाच्या वाळलेल्या शेंगा आपण स्वतः पाहिल्या आहेत, त्याचेच घ्यावे.

याच जातीचा हिर्सुटा हा तिसरा प्रकारही आहे. त्याच्या खोडावर आणि पानांवर दाट, पसरट केस असतात, त्यामुळे तो शेंगेआधीही वेगळा दिसू शकतो. सह्याद्रीच्या जंगलात मोठ्या झाडांवर चढणारी, लाकडी खोडाची आणि बहुधा एकाच बीची, आडव्या घड्यांची शेंग धरणारी कुयली मात्र या तिघांपैकी नाही. ती म्युक्युना मोनोस्पर्मा ही स्वतंत्र जात आहे आणि तिच्या शेंगेवरची लवही खाजवते, म्हणून ती पाहताना तितकीच काळजी घ्यावी.

खाज का सुटते, हेही येथे सांगायला हवे. कुसांमध्ये म्युक्युनेन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. ते त्वचेतील चेतातंतूंना थेट चेतवते आणि त्यात हिस्टामीनचा फारसा वाटा नसतो. म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांचा अशा वेळी म्हणावा तसा उपयोग होत नाही. जागा चोळल्यास कुसे आणखी आत जातात. त्याऐवजी चिकटपट्टी लावून ती हळूच उचलावीत, मग साबणाने धुवावे व कपडे बदलावेत. डोळ्यांत गेल्यास मात्र भरपूर पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे. निरीक्षण करताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहू नये, कारण पिकलेल्या शेंगेची कुसे झुळकेबरोबर उडतात.

मऊ शेंगेचे बी खाण्यास निर्धोक आहे, असेही कोणी समजू नये. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये कुयलीच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले. पुढे ते कंपवातावरील औषध ठरले, पण लागवडीच्या प्रकारातही ते असते. योग्य प्रक्रिया न केलेल्या बिया खाल्ल्यास मळमळ आणि उलट्या होतात. तेव्हा घरातील कंपवाताचे औषध घेणारे कोणी कवचबीजाचे, म्हणजे कुयलीच्याच बियांचे, चूर्ण सुरू करणार असेल, तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावे.