उपग्रहाच्या लेपावर काम करायचे असेल, तर वाट रसायनशास्त्राची

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, उपग्रहांवरील पॉलिमर लेप (लांब साखळीसारख्या रेणूंचे, प्लास्टिकच्या जातीचे थर) अतिनील किरणांपासून वाचवण्याच्या संशोधनात तिला जायचे आहे आणि नातेवाईक मात्र एरोस्पेस इंजिनिअरिंगचाच आग्रह धरत आहेत, असे आपण कळवले आहे. माझ्या मते तिने आपल्या आवडीच्या रसायनशास्त्राचीच वाट धरावी.

याचे कारण त्या कामाच्या स्वरूपातच आहे. सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण जमिनीवर ओझोनमुळे पोहोचत नाहीत. कक्षेत ते थेट लेपावर पडतात आणि त्यांची ऊर्जा कार्बन-कार्बन बंध तोडण्यास पुरेशी असते. पांढरा लेप पिवळा पडला की तो सूर्याची उष्णता अधिक शोषतो आणि उपग्रहाचे तापमान वाढू लागते. मोटारीच्या रंगात घालतात तसे अतिनीलशोषक (अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये) मिसळून हा प्रश्न सुटत नाही, कारण निर्वातात अशी द्रव्ये उडून जाऊन उपग्रहावरील दुर्बिणीच्या भिंगावर साचू शकतात. म्हणूनच अंतराळात जाणारा पदार्थ १२५ अंश सेल्सिअसला २४ तास निर्वातात ठेवून तपासतात आणि वस्तुमानातील घट साधारणतः १ टक्क्याच्या आत असावी लागते. शिवाय पृथ्वीनजीकच्या कक्षेत अणुरूप ऑक्सिजन (सुट्या अणूंच्या रूपातील ऑक्सिजन) पॉलिमरचा पृष्ठभाग झिजवतो. १९९० साली सोडलेल्या हबल या अंतराळ दुर्बिणीच्या बाहेरील टेफ्लॉनच्या आवरणाला १९९७ च्या दुरुस्ती मोहिमेत तडे गेलेले आढळले. अंतराळातील किरणांचा मारा आणि सतत तापणे-गार होणे या दोहोंचा तो परिणाम होता. यातला प्रत्येक प्रश्न रेणूंच्या पातळीवरचा आहे, हे आपल्या लक्षात येईल.

मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीमध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर आणि पृष्ठलेपन तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. नागपूरची एलआयटीही (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) पाहावी. प्रवेश परीक्षांचे तपशील त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच तपासावेत. पुढे एम.टेक. किंवा पीएच.डी. करावी लागेल, याची मनाची तयारी आत्ताच असू द्यावी. इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पॉलिमरवर काम चालते, परंतु तेथील जागा मोजक्या असतात. ती संधी मिळाली नाही, तरी रंग, मोटार आणि सौरपॅनेल उद्योगांना हेच ज्ञान लागते, त्यामुळे नोकरीच्या काळजीपोटी तिला अडवू नये. भौतिकशास्त्रातील प्रकाशाचा भाग मात्र तिने मनापासून करावा. शोषण आणि परावर्तन नीट समजले नाही, तर प्रयोगशाळेत मोजलेल्या आलेखांचा अर्थच लागणार नाही.