कमी कर्बोदकांचा आहार मोजक्या पैशांत कसा जमवावा?

आपण लिहिले आहे की, रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी आपल्याला कर्बोदके कमी करण्यास सांगितले आहे, परंतु वाचनात येणाऱ्या प्रत्येक आहारतक्त्यात बदामाचे पीठ, सॅमन मासा आणि अ‍ॅव्होकाडो हेच पदार्थ दिसतात, ते आपल्या आठवड्याच्या खर्चात बसत नाहीत, आणि नुसते धान्य कमी करून पाहिले तर दिवसभर भूक लागते. अशा स्थितीत हा आहार सोडून द्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की सोडू नये. मी गेली चार वर्षे ठरावीक आणि तसा अपुराच म्हणावा अशा खर्चात हा आहार पाळत आहे. पहिल्या दोन महिन्यांत माझाही खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. हिशेब तपासला तेव्हा लक्षात आले की वाढलेला बहुतेक पैसा अन्नावर नव्हे, तर नकलेवर जात होता: बदामाच्या पिठाचा पाव, साखरेविना केलेली बिस्किटे, प्रथिनांचे तयार बार. या वस्तू बंद केल्यावर आहारात काहीही उणे पडले नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपण इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर कर्बोदके एकदम कमी करू नका. अन्नातील साखर घटली आणि औषधाची मात्रा तशीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांबरोबर फार कडक आहार घेतल्यास रक्तात आम्ल साचण्याचाही धोका असतो. म्हणून दिवसाला साधारण किती ग्रॅम कर्बोदके खाणार आहात हा आकडा डॉक्टरांना आधी सांगा आणि औषधाची मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने किती घ्यावीत हेही त्यांनाच विचारावे.

आता भुकेचे कारण पाहू. धान्य, साखर आणि बटाटे ही सर्वांत स्वस्त ऊर्जा आहे. ती काढून टाकल्यावर तिच्या जागी काय येणार हे ठरवले नाही, तर एक तर माणूस उपाशी राहतो किंवा हाताला येईल ती महाग वस्तू खातो. समजा आपला आहार दिवसाला 2,000 कॅलरींचा आहे आणि त्यातील निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून येते. एका ग्रॅममधून 4 कॅलरी मिळतात, म्हणजे ती सुमारे 250 ग्रॅम झाली. ती 100 ग्रॅमवर आणली की 600 कॅलरींची जागा रिकामी होते. वजन कमी करायचे असेल, तर त्यातील निम्मी जागा रिकामीच ठेवावी आणि उरलेल्या 300 कॅलरी भरून काढाव्यात. 50 ग्रॅम शेंगदाण्यांतून जवळपास तेवढ्या मिळतात. दोन मोठे चमचे साध्या तेलातून 240 मिळतात. स्निग्ध पदार्थ ग्रॅममागे 9 कॅलरी देतात, त्यामुळे स्वयंपाकाचे साधे वनस्पती तेल हीच या आहारातील सर्वांत स्वस्त ऊर्जा ठरते. महागडे खोबरेल किंवा ऑलिव्हचे तेल त्यासाठी अनिवार्य नाही.

कर्बोदके किती कमी करायची, हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच खिशाचाही आहे, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. साधारणतः दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली की त्या आहाराला कमी कर्बोदकांचा म्हणतात. अत्यंत कडक प्रकारात हा आकडा 20 ते 50 ग्रॅम इतका खाली नेतात. पण 30 ग्रॅमच्या मर्यादेत डाळी आणि कडधान्ये जवळजवळ बाद होतात, कारण शिजवलेल्या 100 ग्रॅम मसुरीतच सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. त्याच मसुरीत 9 ग्रॅम प्रथिने आणि 8 ग्रॅम तंतुमय पदार्थही असतात, आणि तिच्याइतके स्वस्त दुसरे अन्न शोधून सापडणे कठीण. म्हणून डॉक्टरांनी कडक प्रकार सांगितला नसेल, तर मर्यादा 100 ग्रॅमच्या आसपास ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे कडधान्ये टिकतात आणि ती टिकली की खर्च आवाक्यात राहतो.

प्रथिनांच्या बाबतीत मला सर्वाधिक उपयोगी पडलेली सवय म्हणजे वस्तूची किंमत किलोमागे न पाहता, प्रथिनांच्या ग्रॅममागे पाहणे. एका मोठ्या अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे डझनात 72. अर्धा किलो शेंगदाण्यांत सुमारे 130. आणि अर्धा किलो सुक्या सोयाबीन वड्यांत सुमारे 250. वस्तूची किंमत या आकड्याने भागली की खरी स्वस्ताई उघड होते. मांस घेताना हाडांचे वजन वजा करून हाच भागाकार करावा. कोंबडीच्या छातीपेक्षा तंगडी, ताज्या महाग माशापेक्षा डब्यातील तारली आणि नुसत्या मांसापेक्षा काळीज (म्हणजे यकृत, कलेजी) बहुतेक वेळा कमी पैशांत पडते. काळजात लोह, ब-12 आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. मात्र अ जीवनसत्त्वाच्या याच विपुलतेमुळे गरोदर स्त्रियांनी ते टाळावे आणि इतरांनीही आठवड्यातून एकदाच थोडे खावे. शेंगदाणे प्रथिनांच्या हिशेबात स्वस्त असले, तरी अर्ध्या किलोत 2,800 च्या वर कॅलरी असतात, त्यामुळे ते मूठभरच घ्यावेत. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रथिनांची गरज अमर्याद नसते. प्रौढ व्यक्तीला वजनाच्या किलोमागे किमान 0.8 ग्रॅम लागतात. वजन घटवताना मी 1 ग्रॅम धरतो. म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला 60 ग्रॅम पुरतात, आणि ताटभर मांस खाण्याची कल्पना सोडून देता येते.

भाज्यांत कोबी हा माझा आधार आहे. शंभर ग्रॅम कोबीत 6 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, क जीवनसत्त्व चांगले मिळते आणि न चिरलेला गड्डा थंड जागी कित्येक आठवडे टिकतो, म्हणून तो वाया जात नाही. अर्धवट सडून फेकलेल्या भाजीचे पैसे आपण धरत नाही, पण महिनाभर लिहून ठेवले तर तो आकडा मनाला लागतो. फुलकोबी, पालक, मुळा आणि काकडी हंगामात घ्याव्यात. हंगाम नसताना गोठवलेल्या भाज्या पोषणात ताज्यांहून फारशा कमी नसतात.

एका दिवसाचा हिशेब असा बसतो. तीन अंडी, 50 ग्रॅम शेंगदाणे, 50 ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या आणि 200 ग्रॅम बिनसाखरेचे दही एवढ्यातून सुमारे 63 ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात 300 ग्रॅम कोबी धरला, तरी कर्बोदके 50 ते 55 ग्रॅमच होतात. उरलेल्या जागेत 150 ग्रॅम शिजवलेली मसूर आणि एक लहान फळ सहज बसते. शिजवण्यासाठी लागणारे तेल त्यात मिळवले की पोट भरते आणि भूक आवरते.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरेल, पण ते बहुतांशी पाण्याचे असते, कारण शरीरातील साठवलेली शर्करा तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते आणि साठा कमी झाला की ते पाणी निघून जाते. त्या दिवसांत डोके दुखणे किंवा थकवा येणे शक्य असते. पाणी पुरेसे प्यावे, आणि रक्तदाबामुळे मिठावर बंधन नसेल, तर मीठ एकदम तोडू नये. बद्धकोष्ठाचा त्रास मला झाला होता. भाजी दुप्पट केल्यावर तो थांबला.

घरातील इतरांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो, ही आपली शेवटची अडचण आहे. मी एकच भाजी आणि एकच कडधान्य सर्वांसाठी मोठ्या भांड्यात शिजवतो. धान्याचा पदार्थ इतरांच्या ताटात जातो, आणि माझ्या ताटात त्याच्या जागी अंडी किंवा सोयाबीन येते. उरलेले अन्न शीतकपाटात ठेवून तीन दिवसांत संपवतो. दोन आठवडे अशी खरेदी करून पाहा आणि पावत्या जपून ठेवा. खर्च कुठे वाढतो हे त्यांतूनच समजेल.