कार्ड बदलायची घाई नको

अरे, एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे, आणि उबुंटूत वायफाय कधी चालतं, कधी नाही, एवढंच ना? मग नवी पेठेत नवं वायफाय कार्ड शोधायला निघण्याआधी थांब. मी सोलापूरच्या उन्हात अशा दोन चकरा फुकट मारल्यात. विंडोजमध्ये वायफाय चालतंय ना? मग कार्ड धडधाकट आहे. माझा संशय फास्ट स्टार्टअपवर, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून त्यात असलेल्या सोयीवर. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. कधीकधी कार्डही तसंच अडकतं आणि लिनक्सच्या हाती लागत नाही. रीस्टार्टला तसं होत नाही, म्हणून हा खेळ कधी चालतो, कधी नाही. आधी विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शटडाउन कर, म्हणजे ते पूर्ण बंद होईल, मग उबुंटू उघड. चाललं, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपसमोरची खूण कायमची काढ. नाहीच चाललं तर उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) टाकून वायफाय ब्लॉक झालंय का बघ. कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं असेल तर बऱ्याचदा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तो उतरवायला नेट हवं, तर तेवढ्यापुरतं फोनवरून यूएसबी टेदरिंग कर, म्हणजे केबलने फोनचं नेट कॉम्प्युटरला दे.