हिमनदीच्या मार्गावर मार्गदर्शक काय देतो? गिर्यारोहणविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझे वय ३८ आहे. सह्याद्रीत बरीच वर्षे भटकतो आहे, एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला आहे, पण क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दात) लावून बर्फावर चालण्याचा अनुभव जवळजवळ नाही. एका आयोजकाने जानेवारीत अकोन्काग्वाच्या ‘पोलिश’ मार्गाची मोहीम आखली आहे. ‘मार्गदर्शक सोबत असल्यामुळे तांत्रिक अनुभवाची आवश्यकता नाही,’ असे त्यांचे म्हणणे आहे. नाव नोंदवावे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : पैसे भरण्याआधी आयोजकांकडून एका गोष्टीचा लेखी खुलासा घ्या : त्यांचा ‘पोलिश’ मार्ग नेमका कोणता? अर्जेंटिनाच्या मेंडोसा प्रांतातील अकोन्काग्वा (६,९६१ मीटर) हे आशियाबाहेरचे सर्वांत उंच शिखर आहे. त्याचा नेहमीचा मार्ग ओर्कोनेस खोऱ्यातून, प्लासा दे मुलास या तळावरून जातो आणि त्यावर एरवी दोराचे काम पडत नाही. पूर्वेकडच्या वाकास खोऱ्याने गेल्यास तीन दिवसांच्या चालीनंतर सुमारे ४,२०० मीटरवर प्लासा आर्खेन्तिना हा तळ लागतो. सामान इथपर्यंत खेचरांवर येते, पुढे ते आपल्या पाठीवर घ्यावे लागते. त्याच्या वर, ५,९०० मीटरच्या आसपास, पोलिश हिमनदीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर दोन पर्याय उरतात. एक वाट हिमनदीला बगल देऊन आडवी जाते आणि नेहमीच्या मार्गाला मिळते. तिला ‘पोलिश ट्रॅव्हर्स’ म्हणतात. दुसरी थेट हिमनदीच्या उतारावरून वर चढते. जाहिरातीत दोन्हींच्या नावात ‘पोलिश’ असते, छायाचित्र बहुधा हिमनदीचेच असते, आणि प्रत्यक्षात बहुसंख्य ग्राहकांना ट्रॅव्हर्सने नेले जाते. तुमच्या आयोजकांना ट्रॅव्हर्स अभिप्रेत असेल, तर ‘तांत्रिक अनुभव नको’ हे विधान पूर्ण खरे नसले तरी समजण्यासारखे आहे. त्या वाटेवरही वरच्या टप्प्यात क्रॅम्पॉन आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स सफाईने वापरता यावी लागतात. त्यांना थेट मार्ग अभिप्रेत असेल आणि तरीही ते हेच म्हणत असतील, तर त्यांच्याबरोबर जाऊ नका.

हे इतक्या ठामपणे का सांगतो, ते सविस्तर मांडायला हवे, कारण ‘मार्गदर्शक आहे ना, मग झाले’ हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. हरिश्चंद्रगडाला नेणारा वाटाड्या वाट दाखवतो. ती ठाऊक नसणे एवढीच आपली उणीव असते आणि तो ती भरून काढतो. हिमनदीवर वाट दिसत असूनही माणूस अडतो. पोलिश हिमनदीचा उतार काही ठिकाणी ४५ अंशांच्या पुढे जातो. बर्फ भरपूर पडलेल्या वर्षी त्यावर टणक हिमाचा थर असतो आणि क्रॅम्पॉनचे दात त्यात चांगले रुततात. हिमवृष्टी कमी झालेल्या वर्षी तो थर नाहीसा होऊन खालचे निळसर, काचेसारखे कठीण बर्फ उघडे पडते, आणि तेथे क्रॅम्पॉनच्या पुढच्या दोन दातांवर, पोटऱ्यांना पेटके येईपर्यंत, तोल सांभाळत उभे राहावे लागते. त्या वेळी मार्गदर्शक तुमच्या पायाने उभा राहू शकत नाही.

दोराबद्दल याहून मोठा गैरसमज आहे. सपाट, भेगाळलेल्या हिमनदीवर दोन सहकाऱ्यांमध्ये दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून एका दोरावर चालतात. बर्फाच्या पुलाखाली दडलेल्या क्रिव्हासमध्ये, म्हणजे खोल भेगेत, एक जण कोसळला, तर बाकीचे बर्फात आइस अ‍ॅक्स रोवून त्याला धरतात आणि मग पुलीची रचना करून वर ओढतात. येथे दोर खरोखर जीव वाचवतो. तोच दोर ४५ अंशांच्या कठीण बर्फावर, मध्ये कोठेही अँकर (दोर पक्का धरून ठेवणारा आधार) न लावता बांधला, तर एकाच्या घसरण्याने सगळे ओढले जातात, कारण अशा उतारावर घसरणारा माणूस क्षणार्धात वेग घेतो आणि मऊ हिमात उपयोगी पडणारे ‘सेल्फ अरेस्ट’ (कुऱ्हाड रोवून आपली घसरण आपणच थांबवणे) तेथे बहुतेक वेळा लागू पडत नाही. म्हणून जाणता मार्गदर्शक अशा ठिकाणी आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचा खिळा) बसवतो, एकेक दोर-लांबी पुढे जातो, अँकर लावतो आणि मग तुम्हाला वर घेतो. ही पद्धत सुरक्षित असली तरी तिला वेळ लागतो. समजा, असा सहाशे मीटरचा उतार आहे आणि दोर साठ मीटरचा आहे. म्हणजे किमान दहा टप्पे झाले. प्रत्येकाला अर्धा तास धरला तरी पाच तास होतात, आणि क्रॅम्पॉन अडखळणाऱ्या, हातमोजे काढल्याशिवाय कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) उघडता न येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर हेच काम आठ तासांवर जाते. तेथे हवेचा दाब मुंबईतील दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. दुपारनंतर वारा वाढला तर बोटांना हिमदंश होण्यासाठी फार काळ लागत नाही. या पर्वतावरच्या झंझावाताला तेथील लोक ‘व्हिएन्तो ब्लांको’ म्हणतात आणि त्याची धास्ती बाळगतात. तुमचे कौशल्य हीच त्या दिवशी सगळ्या तुकडीची गती असते, आणि मार्गदर्शकाचा जीवही त्याच दोरावर असतो. थेट मार्गावर एका मार्गदर्शकामागे दोनपेक्षा अधिक ग्राहक देणारा आयोजक हा हिशेब करतच नाही, असे माझे मत आहे.

मार्गदर्शकाकडून मिळते ते वेगळे आणि मोलाचे असते : कोणत्या दिवशी निघायचे, कोणता उतार टाळायचा, किती वाजता शिखर दिसत असतानाही परत फिरायचे, याचा निर्णय. थेट मार्गाने चढलेले अनेक जण उतरताना हिमनदीवरून न येता नेहमीच्या मार्गाने खाली येऊन वळसा घेतात. असा आराखडा आधीच करून ठेवणे हेही त्याचेच काम आहे.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा की आधी चार आठवड्यांचा बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करावा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था यांपैकी कोठेही तो करता येतो. मात्र वयोमर्यादा तपासून लवकर नोंदणी करा, कारण जागा झटपट भरतात आणि तुमचे वय मर्यादेच्या जवळ आहे. त्यानंतर मनालीजवळचे फ्रेंडशिप (सुमारे ५,२८९ मीटर) आणि मग देव तिब्बा (६,००१ मीटर) यांसारखे हिमनदीचे खरे काम असलेले शिखर करावे. त्यातून जे शिकाल ते अकोन्काग्वावर वापरता येईल. तेथे जाऊन शिकायचे म्हटले तर वेळ, प्राणवायू आणि पैसा तिन्ही अपुरे पडतात.

जाता जाता एक गोष्ट. या हिमनदीला नाव मिळाले ते मार्च १९३४ मध्ये तिच्यावरून शिखर गाठणाऱ्या पोलिश तुकडीमुळे. तिच्यातील अ‍ॅडम कार्पिन्स्की पुढे १९३९ मध्ये गढवालात पोलिश मोहिमेचे नेते म्हणून आले. त्या मोहिमेने नंदादेवी पूर्व (७,४३४ मीटर) हे शिखर सर केले आणि काही दिवसांतच तिरसुली पर्वतावर हिमस्खलनात कार्पिन्स्की आणि त्यांचे एक सहकारी गाडले गेले. आपल्या उत्तराखंडाशी असलेला हा धागा अकोन्काग्वाला जाणाऱ्या भारतीयांना क्वचितच ठाऊक असतो.

प्रश्न : समुद्रसपाटीवर राहून अतिउंचावरची तयारी होते का? जिममध्ये मिळणारा ‘अल्टिट्यूड मास्क’ घ्यावा का? डायमॉक्सची गोळी सर्वांनी घ्यावी का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : दम आणि पाय यांची तयारी मुंबईत होते, विरळ हवेची होत नाही. मास्क घेऊ नका. तो श्वास घेण्यास अडथळा आणतो, हवेतील प्राणवायूचा दाब कमी करत नाही, त्यामुळे शरीरात उंचीला साजेसे बदल घडण्याचे कारणच उरत नाही. दिवाळीत लेहला जाऊन यावे आणि जानेवारीत त्याचा लाभ घ्यावा, हा विचारही टिकत नाही, कारण समुद्रसपाटीवर परतल्यावर काही आठवड्यांत ते अनुकूलन ओसरते.

पायांसाठी जिन्यांइतके चांगले साधन या शहरात नाही. वीस मजली इमारतीचा एक चढ साधारण साठ मीटर होतो. पाठीवर पंधरा किलो वजन घेऊन असे दहा चढ केले की सहाशे मीटर झाले. वजन म्हणून पाण्याचे कॅन न्या आणि गच्चीवर पोहोचल्यावर कुंड्यांना पाणी घालून मोकळे व्हा. उतरताना गुडघे वाचतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा विरोधही मावळतो. आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याचा सह्याद्रीतील चढ ठेवा. कळसूबाई (१,६४६ मीटर) जड सॅक घेऊन एका दिवसात दोनदा केले तर अंगातील खरी ताकद कळते. जुमार (दोरावर चढण्याची पकड), प्रुसिक (दोरावर आवळली जाणारी गाठ) आणि दोराच्या इतर गाठी यांचा सराव कान्हेरीच्या कातळांवर होऊ शकतो, मात्र जाड हातमोजे घालून करा. घामाने हैराण व्हाल, लोक पाहून हसतीलही, पण बर्फावर हीच सवय उपयोगी पडते.

उंचीशी जुळवून घेण्याचे काम पर्वतावरच होते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा प्रचलित संकेत आहे. सामान वर ठेवून झोपायला खाली येण्याची पद्धत त्याच विचारातून आली. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, श्वसनाला चालना देऊन हे अनुकूलन लवकर घडवते. सर्वांना ती लागत नाही, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच एकदा घेऊन पाहावी. डोकेदुखीसोबत चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा विश्रांती घेतानाही धाप लागून खोकल्यातून फेस येऊ लागला, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून रुग्णाला ताबडतोब खाली आणायचे. मेंदूला किंवा फुप्फुसाला आलेल्या सुजेवर उंची कमी करणे हाच पहिला उपाय आहे.

प्रश्न : माझे यजमान मार्गदर्शकासह अशाच मोहिमेवर निघाले आहेत. ‘गाइड आहे, काळजी करू नकोस,’ एवढेच ते सांगतात. घरच्यांनी काय विचारून घ्यावे? (एक वाचक, दादर)

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. उत्तम मार्गदर्शकही पर्वताचा धोका शून्यावर आणू शकत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ येथील हिमस्खलनात नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले, आणि ती तुकडी अनुभवी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली होती. तेव्हा काळजी करू नये असे मी म्हणणार नाही. ती योग्य ठिकाणी करावी.

सर्वप्रथम विम्याची पॉलिसी स्वतः वाचा. साध्या प्रवास विम्यात दोर किंवा मार्गदर्शक वापरून केलेले गिर्यारोहण बऱ्याचदा वगळलेले असते, किंवा उंचीची मर्यादा असते आणि ती शिखराच्या बरीच खाली असते. सुटकेचा खर्च आधी विमा कंपनी देणार की तुम्ही भरून मागायचा, हेही विचारा. बेस कॅम्पच्या वर हेलिकॉप्टर येईलच असे गृहीत धरू नका. तेथून माणसाला बहुधा माणसांनीच खाली आणावे लागते. दुसरे म्हणजे परत फिरण्याची वेळ कोण ठरवतो आणि यजमानांना ते मान्य आहे का, हे त्यांना तुमच्यासमोर बोलायला लावा. लाखो रुपये भरलेला ग्राहक वरच्या तळावर मार्गदर्शकाशी वाद घालतो, असे घडते, आणि घरून ‘शिखर झाले का?’ असे संदेश गेले की तो वाद अधिक चिघळतो. एवढे तरी तुमच्या हाती आहे. अकोन्काग्वावर बेस कॅम्पच्या डॉक्टरांनी रक्तदाब आणि प्राणवायूची पातळी तपासून संमती दिल्याशिवाय वर जाता येत नाही, हे मात्र जाणून असावे.

संपर्कासाठी सॅटेलाइट फोन किंवा तत्सम संदेशयंत्र मुंबईहून सोबत नेऊ देऊ नका. भारतात परवान्याशिवाय ते बाळगण्यास मनाई आहे आणि विमानतळावर जप्तीपासून पोलीस कारवाईपर्यंत काहीही होऊ शकते. तेथील आयोजकांचे यंत्र वापरावे, आणि संदेश दोन दिवस न आल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक आधी लिहून घ्यावा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. उंचावर जेवणाचे काय? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : बेस कॅम्पवर आधी कळवल्यास सोय होते. त्याच्या वर भूकच मरते, तेव्हा जे घशाखाली उतरेल तेच योग्य अन्न. सहा हजार मीटरच्या आसपास पाणी सुमारे ८० अंशांनाच उकळते, त्यामुळे कच्चा तांदूळ आणि डाळ नेऊ नका, ती शिजत नाहीत आणि इंधन मात्र संपते. पातळ पोहे गरम पाण्यात भिजवले, वर मेतकूट आणि तूप घातले की पाच मिनिटांत जेवण होते. सगळे बंद पाकिटातून न्या आणि अर्जेंटिनात उतरल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना आपणहून दाखवा.