जुन्या स्विस म्युझिक बॉक्सची नक्षीदार पेटी घासून तिला मेलामाइन मारावं का?

रत्नागिरीच्या घरात पणजोबांची चावीची म्युझिक बॉक्स आहे, झाकणावर फुलांची नक्षी आहे, पॉलिश पांढरट पडून चिरा गेल्यात आणि सुतार म्हणतोय, "घासून मेलामाइन मारतो." असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्याला थांबवा. मेलामाइन म्हणजे फर्निचरवर मारतात ते हल्लीचं कडक रासायनिक पॉलिश.

मी सावंतवाडीत लाकडाचं पॉलिशकाम करतो. या पेट्यांची एक गोष्ट वरून कळत नाही. झाकणावरची नक्षी खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असते, पण बाजूच्या फळ्या पुष्कळदा साध्या लाकडाच्या असतात आणि त्यांवर शिसवीसारखे रेषे रंगवलेले असतात. वेंगुर्ल्याच्या एका पेटीवर मी पॉलिश पेपर फिरवला आणि दोन मिनिटांत खालचं फिकट लाकूड वर आलं. रेषे मी पुन्हा काढून दिले, पण ते माझ्या हातचे. जुन्या कारागिराचे गेले ते गेलेच. ती पेटी अजून मनातून जात नाही.

लाकडाला हात लावण्याआधी आतलं यंत्र बाहेर काढावं लागतं. ते जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडूनच काढून घ्या. स्प्रिंगमध्ये ताण असताना वेग आवरणारा पंखा सुटला, तर पितळी रूळ सुसाट फिरतो आणि त्यावरच्या खिळ्या आणि त्या छेडतात ते सूर काढणारे पोलादी कंगव्याचे दात क्षणात मोडतात.

मग मागच्या कोपऱ्यात, न दिसेल अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेपासून केलेलं पॉलिश. १९व्या शतकातल्या पेट्यांवर बहुधा तेच सापडतं. आमच्या सावंतवाडीच्या लाखकामातली लाख आणि हा चपडा एकाच किड्याची देणगी. याचा मोठा गुण असा की जुना थर स्पिरिटने पुन्हा विरघळतो, म्हणून तो खरवडून काढावा लागत नाही. आधी टर्पेंटाइनने मळ आणि जुनं मेण पुसा. मग मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा घ्या, त्यात स्पिरिट आणि थोडा पातळ चपडा, बोटाला जेमतेम ओल लागेल इतकाच. हलक्या हाताने फिरवत राहा. मध्येच थांबलात तर बोळा चिकटून खालचा थर उचलतो. चिरा हळूहळू मिटत जातात, ते बघण्यासारखं असतं. रंगवलेल्या बाजूंवर मात्र स्पिरिट नको, मळ पुसून मेण लावलं की पुरे.

मेलामाइन एकदा बसलं की स्पिरिटने सुटत नाही. काढायचं तर घासावंच लागतं.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळी हवेतला दमटपणा ओल्या थरात अडकतो आणि पॉलिश पांढरं पडतं. तुमच्या पेटीवरचा पांढरेपणाही मला ओलाव्याचाच वाटतो.

पापुद्रा कुठे सुटला असेल तर फेविकॉल भरू नका, मूळ जोड सरसाचा असतो आणि उबेने तो पुन्हा मऊ होतो. झाकणाच्या आत गाण्यांच्या यादीचा कागद असला, तर त्याला काहीही लागू देऊ नका. यंत्र परत बसवताना स्क्रू नीट आवळून घ्या, कारण कंगव्याचा नाद पेटीच्या लाकडातूनच घुमतो.

बाजूच्या फळ्यांचा उन्हात काढलेला फोटो टाका. रेषे रंगवलेले आहेत की खरे, ते बघून सांगतो.