इंग्रजीतील ‘मोल्ड’ या शब्दाचे साचा आणि बुरशी असे दोन्ही अर्थ कसे होतात?

उच्चार एकच असला तरी मुळात हे वेगवेगळे शब्द आहेत. साचा किंवा आकार देणे हा अर्थ लॅटिन ‘मोड्युलस’, म्हणजे लहान माप, या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. शाडूच्या गणपतीचा साचा हा ‘मोल्ड’च, आणि मुलांचा स्वभाव घडवणे हा त्याचाच लाक्षणिक विस्तार आहे. पावसाळ्यात पावावर धरणारी हिरवट बुरशी मात्र मध्ययुगीन इंग्रजीतील वेगळ्या क्रियापदातून आलेली आहे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ज्या पेनिसिलियममुळे पेनिसिलिन गवसले, तीही अशीच बुरशी होती. बागकामात कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत खताला ‘लीफ मोल्ड’ म्हणतात, तो मातीवाचक तिसरा शब्द आहे. या सगळ्यांच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘यू’ असतो (mould), अमेरिकी स्पेलिंगमध्ये नसतो (mold). त्यावरून अर्थ ठरत नाही, संदर्भच पाहावा लागतो.